सत्तेचाळीस

नेव्हिओच्या स्वयंपाकघरातलं टेबल लंगडं,
एका पायाखाली बिअरच्या पेल्याची चकती.
त्यावर आमचं त्रिएस्ते, त्यानंच शाईनं काढलेलं:
एकशे साठ ठिपके, कालवा, कावानाच्या गल्ल्या,
सान जाकोमोचा चढ, आणि अर्धाच समुद्र,
कारण निळी शाई धक्क्यापाशी संपली.

एकानं पळायचं, तिघांनी धरायचं.
आमची प्यादी उघड्यावर. माझं पिवळं,
फुल्वियाचं हिरवं, लिव्हिओचं पांढरं, दाढेसारखं
(तो दंतवैद्य, याहून बरा विनोद त्याला जमत नाही).
पळणाऱ्याला प्यादंच नाही.
तो बुटाच्या खोक्याचं झाकण उभं करून मागे बसतो
आणि वहीत आकडे लिहितो.
त्याचा अख्खा देह म्हणजे पेन्सिलीची खरखर.

विचारायचं, "बावन्नवरून गेलास?"
त्यानं वहीत बघून खरं सांगायचं,
आणि गेला असेल तर त्या ठिपक्यावर
भाजलेला कॉफीचा एक दाणा ठेवायचा.
मला पहिल्यापासून याचंच हसू येई:
आम्ही तिघं शिपाई वाटेल त्या थापा मारणार,
आणि सगळा खेळ उभा कशावर,
तर चोराच्या इमानावर.

एकतीस वर्षं मी या शहरात बस चालवली.
वळणं मनगटांना पाठ. तरी हा सापडायचा नाही.
बंदरात कॉफीची पोती तोलण्यात ज्याचा जन्म गेला
तो माणूस मांजरासारखे जिने उतरायचा.
चोराच्या मनात चांदणं म्हणतात.
याच्या मनात रस्त्यावरचे दिवेसुद्धा विझलेले.

मग फेब्रुवारीतली ती रात्र.
बोरा वारा सुटलेला, स्कूटरी आडव्या,
चौकात माणसांनी धरून चालावं म्हणून दोर बांधलेले.
लिव्हिओ इस्पितळातून थेट आला,
कोटाचं एक बटण चुकलेलं, म्हणून सगळीच चुकलेली.
कुणी काही विचारलं नाही. फुल्वियानं फासे शोधायचं सोंग केलं,
या खेळात फासे नसतात.

चौथ्याच फेरीला लिव्हिओनं पांढरं प्यादं सरकवलं
फळबाजारामागच्या बोळात,
जिथे बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानाशिवाय काही नाही.
"सत्तेचाळीस. धरला."

झाकणामागे खरखर थांबली.
खिडकीची झडप दोनदा आपटली.
"नाही," नेव्हिओ म्हणाला.

मग आम्ही रात्री दीडपर्यंत त्याला शोधत राहिलो.
पोलेंटा दोनदा गरम केला.
मी उगाच पार बार्कोलापर्यंत धावले.
अकराव्या फेरीला लिव्हिओ एकदा हसला,
कशाला ते आठवत नाही.
अठराव्या फेरीत नेव्हिओ निसटला, आणि आम्ही कोट चढवले
तेव्हा वारा इतका पडला होता
की दोर न धरता घरी जाता आलं.

मे महिन्यात तो ॲडलेडला, लेकीकडे गेला.
खोकं माझ्याकडे आलं, वह्यांसकट.
बाल्कनीत बसून चाळताना ते पान आलं:
बारा. एकोणतीस. तीस. सत्तेचाळीस.
आकडा इतका दाबून लिहिलेला
की पुढच्या पानावरही बोटाला लागत होता.

आधी रागच आला. खोटं कशाला बोलू?
माझं बार्कोला आठवलं, पायांचे गोळे आठवले,
जसं काही मी खरंच धावले होते.
मग बटणं आठवली.
वही मिटली. फुल्वियाला सांगितलं नाही.

आता झाकणामागे मी बसते.
दर गुरुवारी लिव्हिओचा पहिला प्रश्न ठरलेला,
पहिल्या फेरीत तिथे कुणी पोचूच शकत नसलं तरी:
"सत्तेचाळीस?"
मी कोऱ्या पानाकडे बघते.
"नाही."
तो मान हलवतो, सुट्टे पैसे बरोबर परत मिळाल्यासारखी,
आणि वाटीतला एक कॉफीचा दाणा उचलून
सावकाश चावतो.