पलंगाखाली दारं

होळी झाली की आमच्याकडे दारं काढतात.
घराची नाही, जीपची.
डिगंबर पाना घेऊन ओट्यावर बसतो,
बिजागरीची पिन खालून ठोकतो
आणि सुटलेलं दार दोन्ही हातांत घेऊन
क्षणभर उभाच राहतो,
कुठे ठेवावं हे दरवर्षी नव्यानं विसरल्यासारखा.

त्याचं म्हणणं सरळ आहे.
लासूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला,
बोअरची मोटर बाजूनंच चढवावी लागते.
दार असलं की पाइप अडतो,
आणि चोपड्याचं ऊन एकदा आत बसलं
की भाडं न देता शेवटपर्यंत येतं.
म्हणून आषाढापर्यंत जीप उघडी
आणि दारं माझ्या गळ्यात.

घर दोन खोल्यांचं.
पहिल्या वर्षी गच्चीवर ठेवली, रंगाला फोड आले.
दुसऱ्या वर्षी कोठीमागे, उंदरांनी रबर खाल्लं.
तिसऱ्या वर्षी मी कांदे सरकवले
आणि दोन्ही दारं पलंगाखाली आडवी घातली,
मध्ये फाटकी गोधडी, कोपऱ्यात डांबरगोळ्या.
पिना लोणच्याच्या बरणीत, तेलात बुडवून.
बरणीवर लिहून ठेवलंय : खायचं नाही.
उजव्या दाराला आरसा आहे.
वाकून केर काढताना
कांद्यांच्या ढिगाआडून
माझाच एक डोळा माझ्याकडे बघतो.

खिडक्यांचं प्रकरण निराळं.
हूड शिवणारा गफूर तडवी यावलहून आला होता,
जाताना बोट दाखवून बजावून गेला :
घडी घालायची नाही ताई,
घडी पडली की तिथूनच तडकेल.
उभी टेकवायची नाही, पोट सुटेल.
सपाट ठेवा. सपाट.

दोन खोल्यांत सपाट जागा एकच,
तिच्यावर आम्ही झोपतो.

तर गादीखाली तीन खिडक्या,
त्याखाली फळी, त्याखाली दारं.
चाकं तेवढी लावायची राहिलीत, मी म्हटलं,
नाहीतर झोपेतच धडगाव गाठलं असतं.
तो हसला नाही. मोटर जळाली होती कुणाची तरी.
प्लास्टिक प्लास्टिकला चिकटू नये म्हणून
मध्ये मी माझी एक साडी पसरली,
मरून, बारीक बुट्ट्यांची,
धरणगावच्या बाजारात त्यानं एकट्यानं पसंत केलेली,
मी दोनदाच नेसलेली.

वैशाखभर रात्री पंख्यानं गरम हवाच फिरवली.
कूस बदलली की गादीखालून
कुरकुर आवाज यायचा.
भांडण झालं त्या रात्री
तो आवाज एकाच बाजूनं येत राहिला.

आषाढात खिडक्या बाहेर काढल्या
आणि तो ओट्यावरून ओरडला,
हाई काय करी ठेवं?
साडीच्या सगळ्या बुट्ट्या प्लास्टिकवर उतरल्या होत्या.
पुसल्या, रॉकेलनं पुसल्या, लिंबू घासलं.
मागची खिडकी तर काठासकट.

गफूरभाईंनी उजेडाकडे धरून पाहिलं.
दोघांचं वजन, म्हणाले, वर पंचेचाळीस डिग्री,
छाप बसणारच. नव्या टाकू का?
अठ्ठावीसशे होतील.
डिगंबर बराच वेळ चेन वरखाली करत राहिला.
मग म्हणाला, राहू द्या. दिसतं तर आहे.

त्या महिन्यात मी पहिल्यांदा मागच्या सीटवर बसून
वैजापूरपर्यंत गेले.
सातपुडा बुट्ट्याबुट्ट्यांनी चालला होता,
केळीचे बाग मरून काठात संपत होते.
वस्तीवर मोटर उतरली
तोवर एका पावरा मुलीनं
बाहेरून बोट लावून बुट्ट्या मोजल्या,
चौदापर्यंत नीट, पुढे घोळ झाला,
पुन्हा पहिल्यापासून.

यंदा होळीनंतर पाना हातात घेऊन
तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला.
कोणती घालतेस मध्ये?
तुझी लुंगी, मी म्हटलं. चौकड्याची.
काही बोलला नाही.
आत गेला.
थोड्या वेळानं
पलंगाखालून कांदे सरकल्याचा आवाज आला.