वय, पूर्ण वर्षांत

लुईव्हिलच्या हॉटेलात पहाटे पावणेचारला फोन वाजतो.
मी आधीच जागी.
चौदा वर्षं शाळेची बस याच वेळी बाहेर काढलीय,
बर्फात, पाइक काउंटीच्या वळणांवर.
निदान उठण्यात तरी मला कुणी नापास करणार नाही.

बाकीचं सगळं तपासतात.

रांगेत माझ्या पुढे अठरा, मागे एकोणीस,
मधे मी,
दोघांच्या बेरजेहून दोनने जास्त.
मला इथवर आणणारा नौदलाचा पोरगा चोवीसचा.
"मॅम" म्हणतो आणि जीभ चावतो.
त्याच्या बुटांत माझा चेहरा दिसतो,
इतके चकचकीत.

कागद विचारतो: कधी हाड मोडलं? कधी भोवळ?
कधी विनाकारण रडू?
(सकारण रडण्याला रकाना नाही.)
शस्त्रक्रिया: एक. पोटावर, आडवी.
तिचं नाव एमेट, वय अकरा,
त्याच्या कमरेला इन्सुलिनचा पंप,
आणि पंपाच्या मागे दर महिन्याचं बिल.
डॉर्सीची पाठ खाणीत गेली, विमा खाणीबरोबर.
"या वयात का?" डॉक्टरने मान वर न करता विचारलं.
म्हटलं, समुद्र पाहिला नाही कधी.
तेही खोटं नाही.

कानांच्या खोलीचं दार जड आहे.
टिंग ऐकू आली की बटण दाबायचं.
मला शेवटच्या सीटवरची कुजबूज कळते,
कागदाचा बोळा सुटण्याआधीचा श्वास कळतो,
पण ही टिंग?
मी अंदाजाने दाबत राहते,
चर्चमध्ये डुलकी लागलेला माणूस
वेळेवर आमेन म्हणतो तशी.

मग बदकचाल.
पंधराजणी, आतल्या कपड्यांवर, गार फरशी,
उकिडवं बसून समोरच्या भिंतीपर्यंत.
माझे गुडघे बोलले. अख्ख्या खोलीने ऐकलं.
एक पोर फिसकन हसली,
मग तिनेच हात पुढे केला.
मी घेतला नाही.
अजून चार पावलं होती.

दुपारी सँडविचच्या टेबलाशी कुणीतरी:
"मिस वर्लीन?"
कोल्बी स्टिल्टनर. सहा फूट, हनुवटीवर लव.
तिसरीत माझ्या पाठीमागच्या सीटवर बसायचा,
वळणांवर उलटी व्हायची म्हणून.
पिशवी मी द्यायचे.
आता इकडेतिकडे बघून हळूच विचारतो,
"जहाजावर काय होईल हो माझं?"
लांब बघायचं, म्हटलं. जे हलत नाही तिकडे.
तेव्हाही हेच सांगितलं होतं,
तेव्हा डोंगर होते.

सहा आठवड्यांनी पुन्हा तीच पहाट,
या वेळी बॅग भरलेली.
एमेटने वर एक चिठ्ठी ठेवलीय, आकड्यांची:
सकाळी किती, रात्री किती,
म्हणजे मी काळजी करू नये.

शपथेच्या खोलीत गालिचा आहे,
या इमारतीत पहिल्यांदाच पायाखाली काही मऊ.
उजवा हात वर. खांद्यात कळ.
बसमध्ये हा हात वर झाला
की पन्नास पोरं गप्प व्हायची.
आज दुसराच कुणी बोलतो, तुकड्यातुकड्याने,
आणि मी त्याच्या मागून म्हणते,
एकही शब्द न गाळता.

विमानतळाच्या बसचा ड्रायव्हर म्हातारा आहे,
गिअर रेटतो.
मी चौथ्या रांगेत, हातात काही नाही.
शेजारी कोल्बी, रंग उतरलेला.
पहिल्याच वळणावर माझा उजवा पाय
फरशीत ब्रेक शोधतो.
सापडत नाही.
बस वळते तरीही.

मी खिशातून पिशवी काढते,
झटकून उघडते,
त्याच्या मांडीवर ठेवते.