आवक क्रमांक तीनशे अठरा

परिपत्रक आलं तेव्हा मी शिक्का मारत होतो,
नेहमीसारखा, थोडा तिरका.
विषय : समान संधी कक्ष बंद करणेबाबत.
संदर्भ : एकसमान वागणूक अधिनियम, कलम चार.
दोन पानं. भाषा चांगली होती, खोटं का बोलू,
कुठं शिवी नाही, कुठं कुणाचं नाव नाही.

पगारेमामांनी पाटी उतरवली.
तीन स्क्रू सुटले, चौथा हलेना.
"हा मीच पिळलेला," मामा म्हणाले,
आणि हातोडी आणायला गेले.

त्या खोलीत आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.
तिथं पाच ते सहा एक वर्ग भरायचा,
पेठ-सुरगाण्याच्या पोरींना
प्रयोगशाळेतले शब्द कोकणा बोलीत फोडून सांगायचा.
हसायच्या फार. साहेबांच्या केबिनपर्यंत ऐकू यायचं.

मला हुकूम : सगळ्या नमुन्यांतून 'वंचित' हा शब्द वगळा.
संगणकाला विचारलं. सत्त्याऐंशी ठिकाणी, म्हणाला.
एक कळ दाबली.
नियम अकरामध्ये पूर्वी होतं,
कुणीही लाभापासून वंचित राहू नये.
आता आहे,
कुणीही लाभापासून राहू नये.
वाचून दाखवलं. साहेबांनी सही केली.

"यात वाईट काय? सगळ्यांना एकच नियम."
मी मान हलवली.
मी स्वतः बिंदुनामावलीतला बिंदू क्रमांक सत्तावीस,
आणि बिंदूला मान असते
ती हलवण्यापुरतीच.

घरी जाताना गंगेवर थांबलो.
धरणातून पाणी सोडलेलं.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं.
पुलावर माणसं भेळ खात बघत होती,
खाली एक बाई टोपल्या, पोरं, स्टोव्ह
वर चढवत होती, तिसऱ्यांदा.
पाणी कुणाचा भेद करत नव्हतं.
पातळी एकच, अगदी कलम चारप्रमाणे.
कोण कुठल्या पायरीवर राहतं
हे पाण्याच्या अर्जात विचारलेलं नसतं.

आज सकाळी यमुना भोये आली.
पहिलं वर्ष, पहाटेची एसटी, चपलांना लाल चिखल.
दाराकडे बघितलं, भिंतीकडे, मग माझ्या खिडकीकडे.
"सर, जेवणाची सुट्टी झाली का?"
साडेनऊ वाजले होते.
मी म्हणालो, हो.

ती बरं म्हणाली
आणि वही मांडीवर घेऊन
तिथंच बसली,
खालून दुसऱ्या पायरीवर.