राज्याचा वाटा

ताळगावच्या पठारावर, लेखा विभागात,
तिसऱ्या टेबलाशी मी पावत्या फाडते.
इनास कुलासो आले एकोणीस मार्चला,
चेक पासपोर्टात घालून.
चौतीस वर्षं बोटीवर स्वयंपाक केलेला माणूस,
अजूनही खुर्ची ओढण्याआधी बघतो
ती जमिनीला स्क्रूने बसवलीय का.

एक लाख ऐंशी हजार.
मागच्या बाजूला लिहिलेलं : जुव्यातल्या खाजनाच्या मातीसाठी.
'ती केरकरांची सुलक्षा
भावाच्या शेतातला चिखल बाटल्यांतून नेते.
मीठ मोजते म्हणे. तिला द्या.'

मी योजना वाचून दाखवली.
जितकं दात्याचं तितकंच राज्याचं,
रुपयाला रुपया.
मात्र किमान दोन लाख.
मात्र एकतीस मार्चच्या आत.
दुसऱ्या 'मात्र'ला ते हसले :
'म्हणजे मानशीचं दार.
आपणहून उघडतं,
पण सुकती लागली तरच.'

चार दिवसांनी परत आले.
सोबत कुळांच्या संघाचे चिटणीस, वळवईकर,
आणि प्लास्टिकच्या पिशवीत
यंदाच्या मानशीच्या लिलावातले वीस हजार.
नोटांना सुंगटांचा वास.
मोजून होईतो मला भूक लागली.

फाइल पर्वरीला गेली.
जूनमध्ये परत आली, हिरव्या शाईतला एक प्रश्न घेऊन :
'कुळांचा संघ खाजगी आहे काय?'

खाजन आणि खाजगी.
शेवटच्या एका अक्षराचा फरक.
त्यावर टिपण लिहायला मला दोन पानं लागली,
आणि साहेबांना सही करायला
चतुर्थीची सुट्टी ओलांडावी लागली.

मधल्या काळात मी नियम तीनदा वाचले.
राज्याचं येईपर्यंत दात्याचं वापरू नये
असं कुठेच नव्हतं.
सुलक्षानं मीठ मोजायचं यंत्र घेतलं,
आणि कुर्ल्यांनी पोखरलेल्या बांधाखालच्या
तीन वाफ्यांत कोरगूट पेरलं.
एक वाफा गेला.
दोन आहेत.

दर सोमवारी इनासचा फोन.
'सरकारान घाले?'
अजून नाही, मी म्हणते.
पलीकडे कढई वाजते, थोडा वेळ कुणी बोलत नाही.
'बरं. भात वीतभर झालंय.'

वहीत त्यांच्या रकमेशेजारी
राज्याच्या वाट्याची चौकट रिकामी आहे.
ऑडिटच्या आधी खोडता येईल
इतक्या हलक्या हातानं, पेन्सिलीनं,
मी तिथे लिहून ठेवते :
वीतभर.