स्वेटरचा गळा

नयाबाजारात गजक कुटतात थंडीभर,
पहाटे चारपासून, लाकडी हातोड्यांनी.
शेजारचे भदौरिया विचारतात,
"फौजीसाहब, नींद तो उड़ जाती होगी?"
नाही उडत.
तोफा तशा वाजत नाहीत,
आणि तिळाचा वास तर त्यांना मुळीच नसतो.

मी दचकतो लोकरीला.

डिसेंबर एकाहत्तर. उसाचा फड, छातीएवढं धुकं,
सगळ्यांत पुढे मी.
कागदावर त्याला धैर्य म्हटलंय.
मागे एकटं पडायची भीती
पुढच्या गोळीपेक्षा मोठी होती, म्हणून धावलो.
विजार ओली होती.
दवानं, असं सांगत आलोय.

चराच्या वळणावर तो.
रायफल मातीला टेकवलेली, दोन्ही हात वर.
शरण आला म्हणून नव्हे,
स्वेटर घालत होता.
डोकं अडकलेलं.
आतल्या आत चाचपडत होता गळा.
निळी लोकर, कोपरावर दुसऱ्याच निळ्याचं रफू,
कुणीतरी उजेडाला बसून केलेलं.

चार पावलं. घोडा बोटाखाली.
मी थांबलो.

दया होती का ती?
पन्नास वर्षं ते नाव लावून बघतोय,
चिकटत नाही.
चेहराच नाही त्याला मारायचं कसं,
एवढंच सुचलं तेव्हा.
चेहरा आला.
माझ्याहून लहान होता,
आणि माझ्याहून चपळ.

गोळी मला नाही लागली.
माझ्यामागून येणाऱ्या हिंदुराव मानेला लागली.
मग मी मारलं.
मग सोपं होतं.

हिंदुराव दुपारपर्यंत होता.
पाणी मागितलं नाही, आईला हाक मारली नाही.
एकदाच विचारलं,
"काय बघत होतास रे?"

खटावला पत्र मीच लिहिलं:
जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही.
आयुष्यातलं तेवढं एक खोटं
मला बोचत नाही.

आता खांदा वर जात नाही.
किल्ल्यावरून गारठा उतरतो लश्करात
आणि सुमती माझ्या डोक्यावरून स्वेटर ओढते.
"हात सैल सोडा. लहान मुलासारखं काय ते!"
गळा कानांशी अडतो.
उबदार अंधार. माझाच श्वास.
बाहेर कुणीतरी
चार पावलांवर थांबलेलं.

मी घाई करत नाही.