तृतीय पुरुष, एकवचन

तिबिलिसीहून मेस्तियापर्यंत नऊ तास,
पुढे लाकडं वाहणाऱ्या ट्रकमधून वर.
मांडीवर विद्यापीठाचा रेकॉर्डर
आणि वहीत आखलेल्या सहा चौकटी:
'परतणे', साधा भूतकाळ.

दोमना पीठ मळता मळताच सांगत होती.
मी परतले. तू परतलीस.
मग हात थांबले.
"हे नाही म्हणत."
रूप होत नाही का, मी विचारलं.
"होतं की. न व्हायला काय झालं?
तो आला म्हणजे म्हणेन."
भिंतीवर गणवेशातला एक फोटो होता.
मला तो तेव्हा दिसला.

नोदार सरांनी शिकवलंय,
जे वाक्य भाषेत होऊच शकत नाही
त्याच्या डोक्यावर तारा काढायचा.
होऊ शकतं, पण कुणी म्हणत नाही,
त्याला त्यांनी खूण दिली नव्हती.

टेपवर पुढे एकोणीस सेकंद नुसती चूल.
मग घंटा, चिखलातले खूर,
आणि दोमना, खिडकीकडे तोंड करून,
मला नव्हे:
"परतल्या."
तशाच पिठाच्या हातांनी बाहेर गेली.

अनेकवचन मिळालं.
तिच्या भाषेत स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही.
गाय काय, मुलगा काय,
एकाच क्रियापदाने घरी येतात.
शेवटचा प्रत्यय सोडवला की एकवचन हाती,
पहिल्या वर्षाची पोरंही करतील.

प्रबंध सोमवारी द्यायचाय.
समासात सरांची पेन्सिल:
'ही चौकट राहिली का?'

राहिली नाही, सर.
ठेवलीय.