थोराड

केर्टू वीस महिन्यांची आहे.
कोट मात्र तीन वर्षांच्या मुलांचा, तोही बाह्यांत आखूड.
शेजाऱ्यांचा वेइक्का अडीच पुरा केलेला,
चणीने एवढासा, की टोपीखाली शोधावा लागतो.
दोघांना एका घसरगाडीवर बसवून
मी सकाळी बाजारचौकापर्यंत ओढत नेतो.
रात्रभर रस्त्यांवरचा बर्फ ढकललेला असतो,
माझ्या यंत्राचा पिवळा दिवा
अजून पापण्यांच्या आत फिरत असतो.

आमच्या औलूत अनोळखी माणसं बोलत नाहीत.
लिफ्टमध्ये दोघं भेटले तर दोघंही बटणं वाचतात.
पण घसरगाडीवर मूल दिसलं
की थांब्यावरची शांतता तडकते.
नाव काय गं तुझं?
केर्टू त्यांच्या तोंडातून निघणारी वाफ बघते
आणि म्हणते, हूव.
अजून बोलत नाही वाटतं?
हे मला. आवाज खाली आणून,
घरात कुणी गेल्यासारखा.

तेवढ्यात वेइक्का सांगतो
की बसला उशीर आहे, कारण पुलावर निसरडं आहे.
अगं बाई! एवढुसा जीव, आणि कारणासकट!

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
इथे ते दोन जोड मोजे आणि लोकरी बुटांत असतात,
तरी सगळ्यांना दिसतात.

हूव म्हणजे छपरावरून घसरणारा बर्फ.
हूव म्हणजे निघून गेलेली बस,
संपलेली लापशी,
संध्याकाळी दारात बूट चढवणारा मी.
पहाटे परत आलेला मीही हूवच,
फक्त शेवट जरा वर जातो.
मी तिला विचारतो, नदीवर आज कावळे किती?
आणि तिच्या उत्तराएवढी जागा सोडतो.
कधी कधी ती जागा चौकापर्यंत पुरते.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
मी कंटाळून वयांची अदलाबदल केली.
जांभळ्या टोपीच्या बाई होत्या,
निवृत्त शिक्षिका, हे त्यांनीच सांगितलं.
मी म्हणालो, ही अडीच वर्षांची, हा वीस महिन्यांचा.
का म्हणालो, ते विचारू नका. झोप झाली नव्हती.

बाईंनी पिशवीतून चॉकलेट काढून वेइक्काला दिलं,
आणि पावतीच्या पाठीवर
वाचादोष बघणाऱ्या डॉक्टरांचा नंबर लिहून मला.
तुमचा दोष नाही हं यात, म्हणाल्या.
म्हणजे माझाच.

वेइक्काने चॉकलेट गालात सरकवलं.
केर्टू लहान आहे. मी मोठा आहे.
काका खोटं बोलतो.
तीन वाक्यं. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी.

बटणं वाचायला तिथे लिफ्टही नव्हती.
बस आली. बाई चढल्या,
मागच्या काचेतून आमच्याकडे बघत राहिल्या.
ती पावती अजून माझ्या खिशात आहे:
तीन संत्री, यीस्ट, एक काडेपेटी.

केर्टूने लोकरीचा पंजा वर केला.
हूव.

गेली, असं म्हणतेय ती,
वेइक्काने मला समजावलं.

मी दोरी खांद्यावर घेतली, काही बोललो नाही.
शेवट वर गेला होता.